रांगेत थांबलेली पानं

साठ खुर्च्यांच्या सभागृहात सव्वाशे माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि सगळ्यांच्या नजरा एका प्रिंटरवर खिळल्या होत्या.

प्रिंटर आमचा होता. टेबलावर त्याच्या शेजारी माझ्या वडिलांचा, अण्णांचा, जुना कॉम्प्युटर. अण्णांना जाऊन तेव्हा सव्वीस दिवस झाले होते. पहिल्या रांगेत आई बसली होती आणि तिच्या शेजारी मी.

जोडणीबाबा टेबलामागे उभा होता. पाच वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करत असे. पुढे त्याला माणसं दुरुस्त करण्यात जास्त रस वाटू लागला. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर मात्र अजून होता, पेनासारखा लावलेला.

"ताई," तो आईला म्हणाला, "पडद्यावर पिवळं उद्गारचिन्ह दिसतंय? शेजारी काय लिहिलंय?"

"अज्ञात उपकरण," आईने वाचलं.

"अज्ञात! शेजारी बसलंय, वायर जोडलेली आहे, वीज आहे, पण ओळख नाही. का नाही? मधला ड्रायव्हर गेला! ताई, तुमचे मालक गेले म्हणजे काय गेलं? वीज गेली? वायर गेली? फक्त ड्रायव्हर गेला. आणि ड्रायव्हर..."

"पुन्हा बसवता येतो!" सभागृह एका सुरात म्हणालं.

त्याने एक चकचकीत तबकडी काढली, कपाळाला लावली, तिच्यावर फुंकर मारली आणि यंत्रात सरकवली. पडद्यावर हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. लोक मोठ्याने आकडे म्हणू लागले. सत्तर. ऐंशी. नव्वद. नव्याण्णववर पट्टी अडली. ती नेहमीच अडते, माझ्या ऑफिसातही अडते. इथे मात्र मागच्या रांगेतल्या बायका हुंदके देऊ लागल्या.

बाबाने डोळे मिटून येणाऱ्या पानातले शब्द आधीच पुटपुटले, दर वेळी पुटपुटायचा तसे. मग प्रिंटर खडखडला. कळफलकाला कोणीही हात लावला नव्हता. एक पान बाहेर आलं.

आलेलं पान वाचायचा मान औषधांच्या दुकानवाल्या काकांचा असे. त्यांचा आवाज खणखणीत आणि गावात शब्दाला वजन. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं: "मी सुखरूप आहे. माझी रस्त्याकडची खोली या कामासाठी दे. मुलीला सांग, मी रागावलेलो नाही."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. खोटं कशाला सांगू? अर्धं मिनिट माझा त्या पानावर पूर्ण विश्वास बसला होता.

त्याला कारण होतं. अण्णांनी चाळीस वर्षं त्या रस्त्याकडच्या खोलीत घड्याळं दुरुस्त केली. डोळे थकल्यावर दुकान आवरायला घेतलं. पण एकतीस घड्याळं लोक न्यायचेच विसरले होते. त्या सगळ्यांना "आपलं घड्याळ तयार आहे" अशी छापील चिठ्ठी पाठवायची, असं अण्णांच्या मनात होतं. म्हणून ते कॉम्प्युटर शिकले. पत्ते टाइप करून झाले, आणि नेमका तेव्हाच प्रिंटर बोलेनासा झाला. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा.

"अगं, ते पिवळं चिन्ह आहे तसंच आहे."

"अण्णा, ड्रायव्हर गेलाय फक्त. वीस मिनिटांचं काम आहे. मी पुढच्या रविवारी येते."

माझं घर तिथून दोन तासांवर. असे सात रविवार गेले. आठव्या रविवारी मी तिथे होते, पण अण्णांना जाऊन तो पाचवा दिवस होता.

तेव्हा 'मी रागावलेलो नाही' हे वाक्य मला कोणाकडून तरी हवंच होतं. सभागृहाबाहेर चपला शोधताना मला शिंपीणबाई भेटल्या. त्यांचा तरुण मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. त्यांनी ब्लाउजच्या आतून चौकोनी घडीचं पान काढून मला दाखवलं. घड्यांवर ते विरलं होतं.

"मलाही आलंय गं. बघ, काय लिहिलंय."

मी वाचलं. "मी सुखरूप आहे. आईला सांगा, मी रागावलेलो नाही."

तिथेच माझं डोकं ठिकाणावर आलं. मेलेल्या माणसाच्या घरात एक तरी असा असतोच, ज्याचं काहीतरी करायचं राहून गेलेलं असतं. त्याला शोधावंही लागत नाही. वाक्य हवेत सोडायचं, ज्याचं त्याला लागतं.

कॉम्प्युटर आमच्याबरोबर घरी परत आला. बाबाचा तसा नियमच होता. पहिल्या पत्रानंतर यंत्र सात दिवस घरच्या माणसांकडे ठेवायचं आणि चालू करायचं नाही. बटणावर कागदाची पट्टी आणि तिच्यावर त्याची सही. पुढच्या रविवारी पट्टीसकट यंत्र आणायचं, म्हणजे मध्ये कोणी हात लावला असं म्हणायला जागा नको. दुसरं पत्र येणार, आणि त्याच दिवशी आई खोलीच्या कागदावर सही करणार. बाबाचं सभागृह भाड्याचं होतं, आणि आमची खोली हमरस्त्यावर.

"आई, थोडं थांबूया का?" मी विचारलं.

"ते सांगतायत ना दे म्हणून?"

"ते म्हणजे कोण?"

आईने ते पान माझ्यापुढे धरलं.

गुरुवारी दुपारी आई दवाखान्यात गेली, तेव्हा मी पट्टी ओली करून सोडवली. मी ग्रंथालयात काम करते. यंत्रांतलं मला कळत नाही, पण माहिती शोधायची कशी ते कळतं. प्रिंटर उलटा करून पोटावरचा क्रमांक उतरवून घेतला. तो क्रमांक घातल्यावर बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर ड्रायव्हर फुकट मिळाला. त्यावर सूचना होती की सांगेपर्यंत वायर जोडू नका. मी वायर काढली. ड्रायव्हर बसला, नव्याण्णववर अडला, पूर्ण झाला. "आता वायर जोडा," असं पडद्यावर आलं. जोडली.

प्रिंटर खडखडला आणि एक पान बाहेर आलं. मी छापायची आज्ञा दिलेली नव्हती.

"आज सही कर. उशीर केलास तर मला पुढची वाट मिळणार नाही. मुलीला सांग, मी वाट बघत नाही."

रविवारचं पत्र गुरुवारी आलं होतं.

गंमत इतकीच आहे. प्रिंटरला कॉम्प्युटरची भाषा येत नाही. दोघांच्या मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषा लागतो. दुभाषा नसेल तर छापायला दिलेलं पान फुकट जात नाही. ते रांगेत उभं राहतं. दुभाषा आला की रांग सरकते. बाबा काय करायचा? यंत्र "शुद्धीसाठी" आधी आठवडाभर आपल्या जुन्या दुरुस्तीच्या दुकानात ठेवून घ्यायचा, तसं आमचंही घेतलं होतं; मेलेल्याच्या नावाने दोन पानं लिहायचा, ड्रायव्हर निकामी करायचा आणि छापायची आज्ञा देऊन पहिलं पान रांगेत उभं करायचा. लोकांसमोर ते बाहेर आलं की पडदा स्वतःकडे वळवून, आवराआवर करता करता, तेच पुन्हा दुसऱ्या पानासाठी. रांगेच्या यादीत प्रत्येक पानापुढे वेळ लिहिलेली असते, आणि या यंत्रात छापून झालेली पानंही यादीत राहत होती. या पानापुढे त्या रविवारची, दुपारी पाऊणची वेळ होती. तेव्हा आई पाण्याचा ग्लास हातात घेऊन रडत होती.

मी यादीचा फोटो काढला. मग ड्रायव्हर निकामी केला, माझं स्वतःचं एक पान लिहिलं, रांगेत उभं केलं आणि पट्टी पुन्हा चिकटवली.

त्या यादीत प्रिंटरचं नाव दोनदा होतं. एक बाबाने बनवलेलं. दुसरं जुनं, फिकट झालेलं, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं: सात कागद प्रतीक्षेत. सातही कागदांचं नाव "चाचणी". बाबाने ती पाहिली असणार. त्याच्या कामाची नव्हती. मीही त्या दिवशी त्यांना हात लावला नाही. माझं धाडस होईना.

रविवारी गर्दी आणखी वाढली होती. पट्टी शाबूत असल्याची खात्री काकांकडून करून घेतली गेली. उद्गारचिन्ह, फुंकर, आकडे, सगळं यथासांग झालं. नव्याण्णववर बाबाने डोळे मिटले.

"येतंय... शब्द येतायत... 'आज सही कर. उशीर केलास तर मला पुढची वाट मिळणार नाही. मुलीला सांग, मी वाट बघत नाही.'"

पान बाहेर आलं. काकांनी उचललं, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाचलं: "जोडणीबाबा आत्ता म्हणाले असतील, आज सही कर, उशीर केलास तर मला पुढची वाट मिळणार नाही, मुलीला सांग, मी वाट बघत नाही. ते पान गुरुवारी दुपारी चार वाजता आमच्या घरी छापून निघालं. हे पान मी लिहिलं आहे. मी त्यांची मुलगी. अण्णा वारले आहेत. ते लिहीत नाहीत."

काकांनी शेवटची दोन वाक्यं पुन्हा मनात वाचली. चष्मा काढला.

बाबा गडबडला, पण सावरलाही. "बघा! मुलीचा हात वडिलांनीच धरला!"

आणि लोकांनी माना डोलावल्या! सव्वाशे शहाण्यासुरत्या माणसांनी.

मी उठले. बाबाचं पान काकांच्या हातात दिलं, यादीचा फोटो दाखवला. मग ड्रायव्हर निकामी केला आणि शिंपीणबाईंना बोलावलं. "काकू, काहीही टाइप करा."

"मी? मला कुठे येतंय?"

"एका बोटाने करा."

त्यांनी एका बोटाने, पाच मिनिटं घेऊन, टाइप केलं: ब्लाउज शनिवारी मिळेल. मी छापायची आज्ञा दिली. काही झालं नाही. मी त्यांना टेबलापासून दहा पावलं दूर उभं केलं आणि ड्रायव्हर चालू केला. प्रिंटर खडखडला.

"अहो काकू," मागून कोणीतरी म्हणालं, "तुम्ही तर जिवंत आहात!"

सभागृह हसलं. खो खो हसलं. आत्ता नव्वद-नव्याण्णव ओरडणारीच ही माणसं. काका बाबाला म्हणाले, "माझ्या दुकानातला कॉम्प्युटर आणू का हो? त्याला सर्दी झालीय. तेवढी फुंकर घाला." पुन्हा हशा. बाबाने स्क्रूड्रायव्हर खिशातून काढला, परत ठेवला आणि मागच्या दाराने गेला. तबकडी यंत्रातच राहिली.

शिंपीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी घडीचं पान काढून हातातल्या ताज्या पानाशेजारी धरलं. दोन्हीकडे पाहिलं.

"म्हणजे हे त्याने नाही लिहिलं."

"नाही, काकू."

"दोन वर्षं मी रोज झोपताना वाचत होते." त्यांनी दोन्ही पानं माझ्या हातात दिली. "घे. आता तूच सांभाळ."

माझं बरोबर होतं हे मी सिद्ध केलं होतं. ती दोन्ही पानं आजही माझ्याकडे आहेत.

घरी आल्यावर आई स्वयंपाकघरात गेली. चहाचं आधण ठेवल्यावर म्हणाली, "मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुझा विश्वास बसला असता?"

"नसता बसला. तरी सांगायचं होतंस. चारचौघांत माझं हसं केलंस."

"तुला कोणी हसलं नाही, आई."

"मीही नव्वद म्हणत होते." तिने गॅस बंद केला. "त्या फोटोत दुसरं नाव कोणाचं होतं? सात कागद."

तिने पाहिलं होतं तर.

"अण्णांचं," मी म्हणाले. "ते खरोखरच अण्णांचं आहे."

"काढ."

"आई, त्यात काय असेल ते..."

"काढ म्हटलं ना."

जुन्या नावाला मी नवा ड्रायव्हर जोडला. वीस मिनिटंही लागली नाहीत. एकामागून एक पानं आली, ज्या क्रमाने रांगेत उभी राहिली होती त्याच क्रमाने. आईने ती टेबलावर मांडली. प्रत्येक पानाच्या वर त्या त्या रविवारची तारीख होती.

चाचणी. अक्षर उमटते का पाहणे.

चाचणी. मुलगी म्हणते ड्रायव्हर गेला. पुढच्या रविवारी येणार आहे.

चाचणी. आली नाही. काम असेल.

चाचणी. वायर बदलून पाहिली.

चाचणी. ती येण्याआधी जमले तर गंमत होईल.

चाचणी. आज फोन उचलला नाही.

सातव्या पानावर नुसतंच "चाचणी" होतं.

आईने ते पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"रागावले होते का गं ते?"

"माहीत नाही."

"काहीतरी सांग."

"यात लिहिलेलं नाही, आई. जे नाही ते मी कुठून वाचू?"

मला खोटं बोलता आलं असतं. बाबा बोललाच असता, त्याचा धंदाच तो. खोली आमच्याकडे राहिली. एकतीस चिठ्ठ्या मी त्याच आठवड्यात छापून टाकल्या, आणि नऊ जण घड्याळं घेऊन गेले.

तुमच्या गावातही उद्या असा कोणी येईल. त्याला एवढंच विचारा की यंत्र आठवडाभर कोणाकडे होतं, पान रांगेत कधी उभं राहिलं आणि पत्रात जे मागितलंय ते कोणाला मिळणार आहे. आणि घरातलं कोणी फोनवर म्हणत असेल की ते पिवळं चिन्ह जात नाही, तर आज जा. क्रमांक प्रिंटरच्या पोटावर असतो. ड्रायव्हर फुकट मिळतो. वायर शेवटी जोडायची. वीस मिनिटं लागतात.