पाळणाघरातलं अपचन

त्या पाळणाघरात आजवर कुणालाच संसर्ग झाला नव्हता. जे झालं ते अपचन! आजारांच्या वहीत तसा शिरस्ताच होता. मुलाला जुलाब झाले, अपचन. दाईला ताप आला, तेही अपचन. 'संसर्ग' लिहिलं की दोन दिवस टाळं लावून सगळं धुवावं लागे आणि पालक बिथरत. म्हणून संचालिकाबाई सांगत आणि स्वयंपाकीणकाकू मुकाट्याने लिहीत असे.

त्या आठवड्यात काकूचंच पोट बिघडलं. उलट्या, जुलाब, अंगात कणकण. तरी ती तीन दिवस पोरांना मऊ भात कालवून भरवत राहिली. चौथ्या दिवशी त्यांतल्याच दीड वर्षाच्या चिमणीला रुग्णालयात सलाईन लागलं.

काकूची नणंद तिथेच परिचारिका होती. वहीत काय लिहिलंय हे ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"वाचली ती, पण थोडक्यात. वहिनी, अपचन म्हणजे खाल्लेलं नीट पचलं नाही. ते ज्याचं त्याच्यापाशी राहतं. हे जंतू आहेत. आतड्यात वाढतात आणि हातावरून दुसऱ्याच्या घासात जातात. पोरीच्या अंगातलं पाणी आटलं होतं. आणि घास तुम्ही भरवत होतात."

काकूला रडू कोसळलं. ते ओसरल्यावर राग आला. आधी स्वतःचा, मग त्या शिरस्त्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाळणाघराच्या स्वयंपाकघरात गेलीच नाही. वही मागवून अपचन खोडलं, 'संसर्गजन्य अतिसार' लिहिलं आणि वर पहिलं नाव स्वतःचं घातलं. संचालिकाबाई तणतणल्या. नोकरीवर पाणी सोडायचंय का, असं त्यांनी विचारलं.

"सोडते," काकू म्हणाली. "पण हे आता फाटकात उभी राहून प्रत्येकाला सांगणार."

आणि सांगितलं. कुणी वाटेल ते बोललं. तिने ऐकून घेतलं, पण जागची हलली नाही. तेवढ्यात कडेवर मूल घेऊन आत निघालेली एक आई थबकली. याला कालपासून जुलाब होताहेत, औषध पाजून आणलंय, असं ती खालच्या आवाजात म्हणाली. मग एक बाप. मग एक आजी. लपवणारी काकू एकटी नव्हतीच!

संचालिकाबाईंनी हे सगळं ऐकलं. शेवटी त्यांनीच फाटक ओढून घेतलं आणि जंतुनाशकाचा डबा काढायला सांगितला.

वाचकहो, आजार होण्यात कसली आली लाज? पण त्याचं खरं नाव आपण दडपलं, तर तो आपल्याच हाताने दुसऱ्याच्या लेकराला भरवला जातो.