कागदापलीकडचे मला ऐकू येत नाही

मित्रांनो, मी आता एक जुना, कामावरून उतरवलेला अल्फामापक आहे. माझे नाव तुमच्या कानावर आले नसेल. घड्याळासारखा मी भिंतीवर मिरवलो नाही, की रेडिओसारखा गायलो नाही. मला एकच शब्द येतो, 'टक'. तो वेळेवर उच्चारायचा, एवढेच माझे काम होते.

माझे तोंड तळहाताएवढे आणि चपटे आहे. घडवणाऱ्यांनी त्यावर चतुराच्या पंखाहून पातळ असा चंदेरी पडदा ताणून बसवला. पडद्यामागे एक लेप आहे. किरणोत्सारी धातूतून सुटलेला अल्फा कण त्यावर आदळला की सुईच्या टोकाएवढा उजेड पडतो, आणि तो टिपून माझा डबा 'टक' म्हणतो. पडदा इतका नाजूक का, असे तुम्ही विचाराल. अल्फा कण जड असतो, पण त्याचा पल्ला अगदी आखूड. दोन-तीन बोटे हवा ओलांडली की तो थकतो. साधा कागदही त्याला भेदता येत नाही. माझा पडदा जाड असता तर मी जन्मतःच बहिरा निघालो असतो.

मी धुराचे गजर बनवणाऱ्या कारखान्यात लागलो. घरात धूर झाला की किंचाळून माणसांना जागे करणारे गजर. त्यांच्या पोटात एक बारीकशी चकती असते आणि तिच्यातून अल्फा कण निघत राहतात. त्या चकत्या धातूच्या पट्टीतून कापाव्या लागत. काचेची बंद पेटी, पेटीला बसवलेले लांब रबरी हातमोजे, आणि त्यांत हात घालून काम करणारी माणसे. काम संपले की हात धुवायचे, पुसून कोरडे करायचे आणि दाराशी माझ्यासमोर धरायचे. ओल्या हाताचे मला कळत नाही. पाण्याचा पातळ थरसुद्धा अल्फाला अडवतो.

माझी देखभाल एका उतारवयाच्या मेकॅनिककडे होती. त्यांची सख्खी भाची तिथेच चकत्या कापायची. ती मामा म्हणे म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणू लागले. त्यांच्याहून वयाने मोठा असलेला वॉचमनदेखील.

नवीन माणसे आली की मामा मला टेबलावर घेत. तपासणीची एक चकती माझ्या तोंडाखाली धरत. मी टकटक करू लागे. मग ते मध्ये कागदाचा कपटा सरकवत आणि मी गप्प होई.

"बघितलंत? कागदानं अडतो. तुमची वरची मेलेली कातडी त्याला पुरून उरते," मामा म्हणत. "पण हाच धुळीबरोबर नाकातोंडातून नाहीतर जखमेतून आत गेला, तर तिथं कातडी नाही. सगळी ताकद तो एकाच जागी काढतो. बाहेर शेळी, आत वाघ."

"आमच्या घरी उलटं आहे मामा," भाची एकदा म्हणाली. "बाहेर वाघ आणि घरात शेळी."

"जावईबापूंना सांगू का?"

"सांग की. शेळी काय करणार आहे?"

खोलीभर हशा पिकला. पण तीच भाची हात तपासताना कधी हसली नाही. एकेक बोट, नखांच्या कडा, मनगट, असे सावकाश माझ्यासमोरून न्यायची. इतर जण बसचा पास दाखवावा तसे हात दाखवून पळत. "ज्याला घाई, त्याला अल्फा नाही सापडत," असे मामा सांगत. बोलण्यात ते कसले आवरते घेणार? पण माझ्याशी वागताना त्यांचा हात फुलासारखा हलका होई. कुणाच्या अंगठीने माझा पडदा फाटला की उजेड आत शिरे आणि मी वेड्यासारखा अखंड ओरडू लागे. नवा पडदा बसवताना मामा श्वास रोखून धरत. "कातडी सोललेल्या लेकराला कपडे घालावेत, तसं वाटतं," एकदा ते भाचीला म्हणाले होते.

पुढे मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ऑपरेशन ठरले. नेमके त्याच सुटीच्या दिवशी आमच्या खोलीचे छत रंगवायला रंगारी यायचे होते. रंगाचे शिंतोडे आणि खरवडलेला चुना माझ्यावर पडणार, या काळजीने मामांनी नव्या शर्टाची पारदर्शक पिशवी दुहेरी करून माझ्या तोंडावर ताणली आणि रबराने पक्की केली. मग त्यांनी सुपरवायझरला सांगितले, "परवा सकाळी हे प्लास्टिक आठवणीनं काढा. चकतीवर धरून बघा. बोलला तरच काम चालू करा."

सुपरवायझर "हो हो" म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

ती सकाळ उजाडली. खोलीला नव्या रंगाचा वास होता. माल न्यायला ट्रक दुपारी येणार होता आणि सुपरवायझरच्या डोक्यात तेवढेच होते. भाची हातमोज्यांत हात घालण्याआधी म्हणाली, "साहेब, मापक चकतीवर धरून बघितला का?"

"आली मामाची भाची. अगं, कालच रंग झालाय, सगळं झाडूनपुसून घेतलंय. ऐक, गप्प आहे ना तो? मग झालं तर."

"मामा तर रोज..."

"मामा आज डोळ्यांना पट्टी बांधून झोपलेत. तू तुझी कापायची पट्टी काढ आणि कामाला लाग."

बाकीचे हसले. तीही ओशाळून हसली आणि पेटीशी बसली.

मित्रांनो, त्या दिवशी उजव्या मोज्याच्या बोटाला सुईच्या टोकाएवढे भोक पडले होते. ते कुणाला दिसले नाही. काम संपल्यावर तिने साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि नेहमीसारखे एकेक बोट माझ्यासमोर धरले. तिने काहीएक कमी केले नाही. चकत्यांच्या धातूची धूळ तिच्या नखांच्या कडेला होती. तिच्यातले अल्फा कण माझ्याकडे झेपावत होते आणि त्या प्लास्टिकवर आपटून थांबत होते. मी गप्प राहिलो. तिने माझ्या गप्प राहण्यावर विश्वास ठेवला आणि ती घरी न जाता थेट मामांना बघायला दवाखान्यात गेली.

आठवडा उलटला आणि मामा परत आले. खोलीत पाऊल टाकताच त्यांचा नवा डोळा माझ्यावर स्थिरावला. माझ्या तोंडावर ट्यूबलाइट चमकत होती. माझ्या पडद्यावर ती तशी कधीच चमकत नसे. त्यांनी रबर ओढून काढले, तपासणीची चकती धरली आणि मी बोललो. मग मला उचलून ते पेटीकडे गेले. मोज्याच्या बोटापाशी मी बोललो. भाचीच्या पर्सच्या पट्ट्याला लावले तेव्हाही बोललो. तिच्या हातांवर आता जवळजवळ काहीच उरले नव्हते. तेच वाईट होते.

"त्या दिवशी इथून निघाल्यावर काय खाल्लंस?" मामांनी विचारले.

"काही नाही. तुझ्याकडेच आले होते ना. संत्रं सोललं."

"कुणी सोललं?"

"मीच. तुझ्या डोळ्यांना पट्टी होती."

मामा स्टुलावर बसले. "मला दिलंस ते जाऊ दे. तू किती खाल्लंस?"

"निम्मं निम्मं खाल्लं की मामा," ती म्हणाली. मग तिला कळले. तिने दोन्ही हात पदरात घेतले, जणू ते आता कुणाला दिसू नयेत.

दोघांनाही इस्पितळात नेले. लघवी तपासली, शिरेतून औषध दिले. ते औषध लगेच मिळाले तर रक्तातले धातूचे कण बरेचसे बाहेर निघतात. उशीर झाला की ते हाडांत घर करतात. मामा डॉक्टरांना म्हणाले होते, "माझी हाडं आता कितीशी वापरायची आहेत? तिला जास्त द्या." औषध तसे वाटून देता येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. डॉक्टरांना जे बोललो ते वेडेपणाचे होते, हे मामांनी परत आल्यावर आम्हा यंत्रांना सांगितले. माणसांशी ते फारसे बोलेनासे झाले होते.

मामांच्या अंगात थोडेच सापडले होते. भाचीच्या अंगात जास्त होते. नखातले आत गेले होते, शिवाय नाकावाटेही काही गेले असावे. तिला खोके भरण्याच्या कामावर हलवले. काही वर्षे बरी गेली. मग तिची कंबर दुखू लागली, आणि दुखणे हाडाचे निघाले. ते यामुळेच झाले असे छातीठोक सांगता येत नाही, आणि यामुळे नाही असेही सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. मामांना त्यातले पहिले अर्धे कधी ऐकू आलेच नाही.

ती गेली. त्यानंतर मामा एकदाच आले, कपाटांच्या किल्ल्या द्यायला. सुपरवायझर खुर्चीवरून उठले.

"मामा, मला शिव्या तरी द्या."

"होत्या तेवढ्या स्वतःलाच देऊन झाल्या," मामा म्हणाले. "ती पिशवी माझ्या हातानं बांधलेली होती. तुम्ही नुसती सोडली नाहीत." त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. माझ्याकडे न बघता ते निघून गेले. मला हात असते तर मी त्यांचा सदरा धरला असता.

मित्रांनो, अल्फाला भिऊन पळू नका. पण त्याला कागद अडवतो म्हणून त्याची थट्टाही करू नका. त्याच्याजवळ काही खाऊ-पिऊ नका, बोट तोंडाला लावू नका, ओरखडा असेल तर पेटीला हात लावू नका, धूळ उडवू नका. आणि माझ्यासारख्या यंत्राला जपायचे असेल तर झाकून विसरू नका. रोज काम सुरू करण्याआधी त्याला विचारा, तू जागा आहेस ना. त्याने उत्तर दिल्याशिवाय त्याच्या गप्प राहण्याला काही अर्थ नसतो. कुणी हाच प्रश्न विचारला तर त्याला हसू नका. तिचा प्रश्न हसण्यावारी नेला गेला नसता, तर आज तिचे केस पिकलेले असते.

आता मी खालच्या फळीवर असतो. माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. रोज सकाळी सुपरवायझर स्वतः चकती घेऊन त्याच्यापाशी जातात, ते बोलेपर्यंत थांबतात, आणि मगच दार उघडतात. मग माणसे एकामागून एक हात धरतात. मी ऐकत राहतो. सगळे हात भरभर जातात. सावकाश, एकेक बोट करत येणारे दोन हात अजून आले नाहीत.