पाच पेपरांत नसलेली ओळ

लॅटिनबाईंना पेन्सिलचा राग होता. म्हणजे पेन्सिल वहीत चालायची, कानामागे खोचलेलीही चालायची, पण ग्रंथालयाच्या पुस्तकात तिची एक रेघ दिसली की बाईंचं डोकं फिरायचं. कॉलेजात ग्रीक आणि रोमन जगाच्या अभ्यासाची पुस्तकं म्हणजे सगळी मिळून साडेतीन कपाटं. उचलायला दोन माणसं लागतील असे दोन कोश, नकाशांचं एक पुस्तक (त्यातला इजिप्त कुणीतरी फाडून नेला होता), नाण्यांची नि देवळांची चित्रं, व्याकरणं आणि शिलालेखांच्या पाठ्यपुस्तकाच्या सहा प्रती. या सहा प्रतींत ओळींच्या मधे पेन्सिलने अर्थ लिहिलेले होते, आणि दर वर्षीची मुलं ते पाठ करायची. "दुसऱ्याने चावलेला घास गिळणारी माणसं तुम्ही," असं बाई वर्गात म्हणायच्या. त्या प्रतींना हातही लावायच्या नाहीत, स्वतःची प्रत घरून आणायच्या.

तर अशा बाईंच्या टेबलावर वार्षिक परीक्षेचे पेपर आले. प्रश्नपत्रिका यंदा पहिल्यांदाच बाहेरच्या परीक्षकाने काढली होती, आणि त्याने पाठ्यपुस्तकातलाच एक छोटा शिलालेख भाषांतराला दिला होता. एका बहिणीने धाकट्या भावाच्या थडग्यावर कोरून घेतलेला, सहा ओळींचा. बाईंच्या पाच विद्यार्थ्यांनी त्यातल्या पाचच ओळी लिहिल्या होत्या. पाचही जणांनी गाळलेली ओळ एकच, पाचवी. चौथीवरून थेट सहावीवर उडी, मधे काही नव्हतंच जणू.

बाईंनी तिथल्या तिथे प्राचार्यांना तक्रार लिहिली, सामूहिक कॉपीची. प्राचार्य नियमाचे पक्के. कॉपी म्हणजे पेपर रद्द, वर्ष गेलं. त्या पाचांत नळवाल्याची मुलगी होती, वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात आगाऊ. वर्ष गेलं तर मेलेल्या भाषा पुरे, दुकानात बसायचं, असं तिच्या काकांनी आधीच बजावलेलं. बाईंना हे माहीत होतं. तरी त्यांनी सही केली, कारण त्यांच्या मते नियमाला काका नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही जण बाईंच्या खोलीत उभे राहिले. चौघांची पाचावर धारण बसलेली. नळवाल्याची मुलगी मात्र म्हणाली, "बाई, एक विचारू?"

"विचारल्याशिवाय राहणार आहेस थोडीच."

"तुम्हीच शिकवलंत ना, पाच हस्तलिखितांत एकच ओळ गाळलेली सापडली, तर ती एकमेकांवरूनच उतरवलेली असतील असं नाही. पाचांची आई एकच असू शकते. मग ती जुनी प्रत शोधायची."

"माझीच विद्या मला शिकवू नकोस."

"नाही बाई. पण ती प्रत खाली कपाटात आहे. आम्ही त्यातला अर्थ पाठ केला होता. ते चुकलंच. पण परीक्षेत कॉपी केली नाही."

"आणि छापलेली ओळ? ती दिसली नाही? डोळे काय गहाण टाकले होते?"

"दिसली होती. पण वर्गात तुम्ही ती घेतली नाहीत. चौथ्या ओळीपाशी थांबलात आणि म्हणालात, बाकीचं घरी करा. मागच्या वर्षीच्या मुलांनाही तसंच सांगितलंत म्हणे."

"घंटा झाली असेल," बाई म्हणाल्या आणि त्यांना जायला सांगितलं. चार वाजता प्राचार्यांपुढे सुनावणी होती.

दुपारी बाई ग्रंथालयात उतरल्या. ग्रंथपालांनी सहाही प्रती टेबलावर मांडल्या आणि बाजूला सरले, कारण बाईंचा चेहरा बघून बाजूला सरणंच बरं असं त्यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवाने कळत होतं. बाईंनी चष्मा पुसला आणि आयुष्यभर जुन्या हस्तलिखितांवर केलं तेच काम पेन्सिलच्या अक्षरांवर सुरू केलं. दुसऱ्या प्रतीत कुणा शहाण्याने भावाचं वय नऊऐवजी नव्वद लिहिलं होतं. चौथ्या आणि सहाव्या प्रतीतही तो भाऊ नव्वदीचा. म्हणजे त्या दोन्ही दुसरीच्या लेकी. तिसरीत एका शब्दावर चहाचा डाग पडलेला, आणि पाचवीत नेमक्या तेवढ्याच शब्दाची जागा कोरी. म्हणजे पाचवी तिसरीची लेक. उरली पहिली, पुठ्ठा निखळलेली, दोऱ्याने बांधलेली. तिच्यावरूनच बाकीचं गोकुळ उभं राहिलेलं.

बाईंनी दोरा सोडला, पान उघडलं आणि बघत राहिल्या. बारीक, उभं, मात्रा जराशी मागे कललेली. ते त्यांचंच अक्षर होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

आता खोटं कशाला सांगा, विसरल्या नव्हत्या त्या. झाकून ठेवलं होतं. चौतीस वर्षांपूर्वी त्या याच टेबलाशी बसायच्या. घरी त्यांचा धाकटा भाऊ होता, नऊ वर्षांचा. ताईच्या पेन्सिलींना टोक काढणं हे त्याचं खातं. सुईसारखं टोक काढायचा, टोचून बघायचा आणि मगच द्यायचा. तीन दिवसांच्या तापात तो गेला. पंधराव्या दिवशी ताई कॉलेजात आली, दप्तरात त्याने काढलेल्या टोकाची शेवटची पेन्सिल होती, आणि पुढचा धडा नेमका हा निघाला. वही घरीच राहिलेली, म्हणून तिने पुस्तकातच अर्थ लिहिला. चार ओळी झाल्या. पाचव्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि टोक मोडलं. तो ठिपका अजून तिथे होता. शेजारच्या मुलीकडून दुसरी पेन्सिल घेऊन तिने सहावी ओळ लिहिली, कारण सहावीत नुसती थडग्याची लांबीरुंदी होती. पाचवीची जागा नंतर भरू म्हणून सोडली.

ते नंतर काही आलं नाही. पुढे बाई शिकवायला लागल्या आणि दर वर्षी चौथ्या ओळीला घंटा होते असं स्वतःला सांगत राहिल्या. घंटेला चांगली दहा मिनिटं बाकी असायची. पुस्तकातल्या पेन्सिलीवर आपण एवढ्या का संतापतो, हेही त्यांना त्या दुपारी कळलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. एका मुलीचं वर्ष बुडवायला निघालो होतो आपण, आपल्याच गाळलेल्या ओळीसाठी.

चार वाजता पाच मुलं, प्राचार्य आणि बाई एका खोलीत जमले. बाईंनी ती फाटकी प्रत प्राचार्यांपुढे ठेवली.

"मी तक्रार मागे घेते. मुलांनी अर्थ इथून पाठ केला आणि हा अर्थ मी लिहिलाय. विद्यार्थिनी होते तेव्हा."

"तुम्ही?" प्राचार्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ग्रंथालयाच्या पुस्तकात?"

"हो."

"बाई, मुलांना वाचवायला तुम्ही असं म्हणताय असं उद्या कुणी म्हणेल. अक्षर तुमचंच कशावरून?"

बाईंनी मागे हात केला. नळवाल्याच्या मुलीने कानामागची पेन्सिल काढून त्यावर ठेवली. बाईंनी ती जरा बोटाला टोचून पाहिली आणि त्या ठिपक्याच्या पुढे, चौतीस वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागेत लिहायला लागल्या. लिहिता लिहिता वाचतही होत्या.

"भावा, तुझ्याही वाट्याचं मीच जगते आहे, आणि ते मला एकटीला संपत नाही."

प्राचार्यांनी वरचं अक्षर पाहिलं, खालचं पाहिलं. मात्रा अजून तशीच मागे कललेली होती. त्यांनी तक्रारीचा कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाले, "पाचव्या ओळीचे गुण कापा. बाकी पेपर तपासा."

मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मलाही हाच अर्थ लागला होता."

"मग लिहिला का नाहीस?"

"तुम्ही लिहिला नव्हता."

बाई वळल्या. "माझं अक्षर आहे हे माहीत होतं तुला?"

"रोज फळ्यावर बघतो, बाई."

"सकाळी बोलली नाहीस ते."

"वाटलं, तुमच्याकडून ओळ चुकून राहणार नाही. मुद्दामच सोडली असेल. मग ते मी कसं बोलायचं?"

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मागचा एक मुलगा वही उघडून घुटमळत होता. उतरवून घेणं हा शब्द या बाईंपुढे काढायची कुणाची छाती नव्हती.

बाईंनी ते पाहिलं. डोळे पुसले, पुस्तक पाचांच्या मधे सरकवलं आणि पेन्सिल मुलीच्या हातात परत दिली.

"घ्या उतरवून," त्या म्हणाल्या. "सावकाश. मी थांबते."