भिंतीवर अडलेलं डिपॉझिट

घर बदललं तेव्हा सामान एका फेरीत गेलं, पण डिपॉझिट जुन्या घरमालकांकडेच राहिलं.

माझा नवरा दुधाची गाडी चालवतो. स्वभावाने इतका भिडस्त, की दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तरी हाच ओशाळतो. मी एका कंपनीत फोनवर तक्रारी घेते. कुणाचा फ्रीज गार होत नाही, कुणाचं वॉशिंग मशीन घरभर नाचतं, आणि त्या सगळ्यांचं बोलणं गोड आवाजात ऐकून घ्यायचा मला पगार मिळतो. म्हणजे आम्ही दोघंही भांडणाच्या कामाचे नाही. घरात भांडू शकणारं माणूस एकच, माझ्या सासूबाई. आणि नेमकं डिपॉझिट अडलं होतं ते त्यांच्यामुळेच.

नवं घर आमचं स्वतःचं होतं. दोनच खोल्या, पण स्वतःच्या. फक्त स्वयंपाकघरात ओटा नव्हता. शेगडी टेबलावर, भांडी खुर्चीवर, आणि भाजी चिरायची तर ताट मांडीवर. डिपॉझिट आलं की ओटा घालायचा, असं ठरलं होतं. म्हणून चावी परत करायच्या दिवशी आम्ही दोघं जुन्या घरी वेळेआधीच जाऊन उभे होतो.

घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे. नाक्यावर त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, कड्या, नळ, रंग, सगळं तिथे मिळायचं. माणूस वाईट नव्हता, पण हात फार आखडता. जिन्यातला दिवासुद्धा असा बसवून घेतलेला, की आपण वर पोचायच्या आत विझायचा. भर दुपारी टॉर्च घेऊन ते घर बघायला आले. दारं हलवून पाहिली, नळ सोडून पाहिले, कपाटात डोकं घालून वास घेतला. सगळं ठीकठाक होतं. मग ते शेवटच्या खोलीत शिरले आणि तिथेच थबकले.

"हे तसंच आहे की अजून," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं ना, जाताना भिंत होती तशी करून द्यायची?"

सांगितलं होतं, हे खरं होतं.

सासूबाईंचं सगळं आयुष्य हॉस्पिटलच्या लाँड्रीत गेलं. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. सकाळी पांढरं भिजवायचं, दुपारी पांढरं वाळवायचं, संध्याकाळी पांढऱ्याच्या घड्या घालायच्या. नोकरी संपली आणि डोळ्यांत मोतीबिंदू आला. "सगळं चहातून बघितल्यासारखं दिसतंय," म्हणायच्या. शेवटी ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मी त्यांना घेऊन घरी निघाले, तर वाटेत प्लास्टिकच्या सामानाच्या एका दुकानासमोर त्या थांबल्या त्या थांबल्याच.

"अगं, ही बादली निळी आहे!"

"हो आई. निळीच आहे."

"एवढी? एवढी निळी?"

ती बादली आम्ही विकत घेतली. घेतली नसती तर त्या तिथून हलल्याच नसत्या. मग काही दिवसांनी मी कामावरून घरी आले, तर त्यांच्या खोलीच्या भिंतीवर एक निळी बादली रंगवलेली. शेजारी रंगाची छोटी डबी, आणि नाकावर निळा ठिपका घेऊन सासूबाई खुर्चीवर बसलेल्या.

"कागदावर काढायचं ना, आई," मी म्हणाले.

"कागद केवढासा असतो!"

बादलीनंतर खिडकीतून दिसणारा रस्ता भिंतीवर उतरायला लागला. समोरची बेकरी, न्हाव्याचं दुकान, चपला शिवणारा, बँकेच्या दारात बसल्याबसल्या झोपणारा पहारेकरी, आणि त्याच्या पायाशी झोपणारं कुत्रं. सुरुवातीची माणसं उशांसारखी दिसायची. हळूहळू त्यांना हातपाय फुटले, मग स्वभावही फुटले. चेहरे काही हुबेहूब नव्हते, पण उभं राहण्यावरून माणूस ओळखू यायचा. न्हावी एकदा मुद्दाम बघायला आला, आणि स्वतःच्या पोटावरून स्वतःला ओळखून खूश होऊन गेला.

घरमालक एकदा नळाची गळती बघायला वर आले तेव्हा त्यांनी दारातूनच भिंत पाहिली होती. "राहताय तोवर राहू दे," म्हणाले होते. "जाताना पांढरी करून द्या." आम्ही हो म्हणालो होतो.

तर आता तोच हिशेब समोर आला. "भिंत पांढरी झाली की लगेच डिपॉझिट," घरमालकांनी टॉर्च बंद केला. "आणि रंग माझ्याच दुकानातून न्या, म्हणजे खात्रीचा मिळेल."

नवरा बिचारा गेला आणि रंगाचा डबा पूर्ण किमतीला घेऊन आला.

"काही कमी केलं का?" मी विचारलं.

"मी विचारलंच नाही," तो म्हणाला.

रविवारी आम्ही तिघं जुन्या घरी गेलो. नवऱ्याने डब्याचं झाकण उघडलं, रोलर भिजवला आणि भिंतीसमोर नुसता उभा राहिला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. त्याचा हात काही उचलेना.

"सरक," सासूबाई म्हणाल्या.

"आई, निदान मला करू दे."

"तू संध्याकाळपर्यंत असाच उभा राहशील. आण तो रोलर."

"मी सगळ्याचे फोटो काढून ठेवलेत," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, भिंत त्यांची, आणि शब्द आपण दिलेला. आपण जी मजा केली, ती काय ते परत मागतायत का? चल, खिडकी उघड, वास कोंडेल."

आणि त्यांनी बेकरीवरून पहिला पट्टा ओढला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि डोळे धुतल्यासारखं केलं. परत आले तेव्हा बेकरी गेली होती, न्हाव्याचं पोट जाण्याच्या बेतात होतं, आणि सासूबाई चक्क गुणगुणत होत्या. चादरींवर इस्त्री फिरवल्यासारखा त्यांचा हात चालला होता.

भिंत निम्मी पांढरी झाली असेल नसेल, तेवढ्यात दार वाजलं. घरमालक एका बाईंना घेऊन आत आले.

"या, या, बघून घ्या. रंगकाम चाललंच आहे. खोली अगदी नवी कोरी मिळेल तुम्हाला."

बाई उंच, हातात हेल्मेट. त्या लहान मुलांची शाळा चालवत होत्या, भावाच्या गॅरेजमध्ये, आणि भावाने आता गाडी घेतली होती, त्यामुळे त्यांना जागा हवी होती. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी त्यांनी फक्त भिंत पाहिली, हातातलं हेल्मेट खाली ठेवलं आणि ओरडल्या,

"थांबा! थांबा! हात वर!"

सासूबाईंनी खरोखरच रोलरसकट दोन्ही हात वर केले. पांढरा ओघळ कोपरापर्यंत आला.

"हे कुणी काढलंय?"

"मी."

"आणि पुसतंय कोण?"

"मीच."

"पण का?"

सासूबाईंनी घरमालकांकडे पाहिलं. नवऱ्याने पाहिलं. मीही पाहिलं. घरमालक खोकले.

"नाही, म्हणजे, पद्धत असते तशी..."

"अहो, गेले किती दिवस मी पांढऱ्या खोल्या बघत फिरतेय," बाई म्हणाल्या. "सगळ्या दवाखान्यासारख्या. मुलं आत पाऊल टाकतात आणि रडायला लागतात. ही भिंत राहणार असेल तर खोली मी आजच घेते."

घरमालकांच्या चेहऱ्यावर दिवा लागला. जिन्यातल्या दिव्यापेक्षा बराच मोठा.

"राहील की! का नाही राहणार? निम्मी तर आहेच अजून."

"निम्मी नको. पूर्ण हवी."

आता घरमालक वळले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून इतका मऊ आवाज आम्ही ऐकला नव्हता. "आजी, ते गेलेलं परत काढता येईल ना?"

सासूबाई आरामात एका पालथ्या बादलीवर बसल्या. पदराला न पुसता एका जुन्या फडक्याला हात पुसले. "येईल की. न यायला काय झालं? पण ते नंतरचं. आधी भिंत होती तशी करायची आहे. त्याशिवाय आमचं डिपॉझिट मिळत नाही."

आणि त्यांनी शांतपणे रोलर पुन्हा डब्यात बुडवला.

"अहो, नको!" बाई किंचाळल्या.

"आजी, राहू द्या, राहू द्या!" घरमालकांनी झेप घेऊन रोलर धरला, तो नेमका रंगाच्या बाजूने. दोन्ही हात पांढरे.

हा सगळा गोंधळ खाली ऐकू गेला. जिन्यात सावकाश पावलं वाजली आणि दारात घरमालकांची बायको येऊन उभी राहिली. काकूंचे गुडघे दुखायचे, त्यामुळे त्या वर्षानुवर्षं वर चढल्या नव्हत्या. कठडा धरून धापा टाकत त्यांनी विचारलं, "कोण मारतंय कुणाला?"

कुणी उत्तर द्यायच्या आत त्यांची नजर भिंतीवर गेली. त्या पुढे आल्या. बँकेचा पहारेकरी पाहिला, कुत्रं पाहिलं, चपला शिवणारा पाहिला. मग चित्रातल्या आमच्याच घराच्या पायरीशी त्या थांबल्या.

"ही मी आहे?"

"तुम्हीच," सासूबाई म्हणाल्या. "कुंड्यांना पाणी घालताना."

"आणि हा स्टुलावर चढलेला?"

स्टुलावर एक माणूस चढला होता आणि मान वाकडी करून दिव्याचा बल्ब काढत होता. काकूंना आधी बारीक हसू आलं, मग ते वाढत वाढत असं वाढलं की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला आणि हाताला ओला रंग लागला. "अगदी असेच! अहो, बघा तरी! मान बघा स्वतःची!"

घरमालकांनी पांढऱ्या हातांनी चष्मा लावला. जवळ गेले. बराच वेळ पाहिलं.

"माझी मान एवढी वाकडी नाही," ते म्हणाले.

"आहे!" काकू आणि सासूबाई एकदम म्हणाल्या.

मग काकूंनी डोळे पुसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "यांचं डिपॉझिट दिलंत का हो?"

"देणारच होतो."

"मग द्या."

"आज रविवार. बँक..."

"काल गॅसवाल्याला फोनवरूनच दिलेत ना? द्या बघू, मी इथे उभी आहे तोवर. मला परत एवढा जिना चढवत नाही."

घरमालकांनी फोन काढला. पांढऱ्या बोटांनी बराच वेळ काहीतरी दाबलं, पुसलं, पुन्हा दाबलं. नवऱ्याच्या खिशात फोन वाजला. त्याने बघितलं, मला दाखवलं. पूर्ण रक्कम होती. माझा जीव भांड्यात पडला, आणि ते भांडं ओट्यावर ठेवलेलंही मला दिसलं.

पण नवरा फोन खिशात ठेवेना. घसा खाकरला, कान लाल झाले, आणि मी लग्नानंतर कधीही न ऐकलेल्या आवाजात तो म्हणाला,

"काका, रंगाच्या डब्याचे पण."

शाळेच्या बाईंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मग काकूंना पुन्हा हसू फुटलं, आणि कसं कोण जाणे, घरमालकही हसले. फोन पुन्हा वाजला.

"वा रे पठ्ठ्या," सासूबाई हळूच म्हणाल्या, आणि मुलाच्या पाठीवर थाप मारली. शर्टावर पाचही बोटं उमटली. तो शर्ट त्याने धुतला नाही, अजून तसाच ठेवलाय.

त्यानंतर बरेच दिवस सासूबाई दुपारच्या बसने जुन्या घरी जायच्या. "पुसलेलं तेच परत काढणार नाही," असं त्यांनी आधीच बजावलं होतं, "मला कंटाळा येतो." बेकरीच्या जागी नदी आली. नदीत होड्या आल्या, आणि न्हावी त्याच्या पोटासह एका होडीत जाऊन बसला. रंग घरमालकांनी द्यायचे, असं ठरलं होतं. सुरुवातीला त्यांनी दुकानातले पडून राहिलेले, कुणी न घेतलेले डबे दिले, म्हणून नदी जरा जांभळट झाली. सासूबाईंना ती फारच आवडली. काकू आता रोज जिना चढायला लागल्या होत्या. "गुडघ्यांना सवय हवी," असं कारण सांगायच्या, आणि झाडांची पानं भरून द्यायच्या. एक पान काढलं की थोडं मागे सरून बघायच्या, मग दुसरं. दोघींच्या गप्पा इतक्या रंगायच्या की शेवटची बस चुकेल म्हणून मला फोन करावा लागायचा.

शाळेचं सामान आलं त्या दिवशी मी सुट्टी घेतली. नवऱ्याने दुधाची गाडी रिकामी करून तीत लहान लहान खुर्च्या भरून आणल्या होत्या, लाल, पिवळ्या, हिरव्या. तो आणि शाळेच्या बाई खुर्च्यांच्या चळती उचलून जिना चढत होते. खोलीत काकू आणि सासूबाई पाय पसरून जमिनीवर बसल्या होत्या, दोघींच्या नखांत हिरवा रंग, आणि कोणत्या होडीत अजून कुणाला बसवायचं यावर वाद चालला होता.

दारात घरमालक उभे होते, दोन्ही हात पसरून, वाहतूक पोलिसासारखे.

"सावकाश, सावकाश!" ते ओरडत होते. "अरे, डावीकडून घ्या! खुर्ची भिंतीला घासेल!"