रक्त न येणारी हिरडी

पेन्सिलीएवढी लांब, टोकाशी वाकलेली आणि त्या टोकावर मिलिमीटरच्या काळ्या रेघा असलेली मी एक जुनी सळई आहे, मित्रांनो. दातांचे डॉक्टर मला प्रोब म्हणतात. तोंडात जाणारी बाकीची हत्यारं खरवडतात, कापतात, उपटतात. मी फक्त मोजते.

कारखान्यात माझं टोक मुद्दाम घासून गोल केलं, कारण माझं काम टोचण्याचं नाही. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते, तिथे मी अलगद उतरते. दोन-तीन मिलिमीटरवर अडले तर सहसा काळजी नसते. त्याहून खोल गेले, की समजावं, आत काहीतरी बिनसलं आहे.

माझ्या डॉक्टरबाई तेव्हा नव्या होत्या. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मला उतरवून त्या आकडे सांगत आणि मदतनीस ताई ते टिपून घेत. मग बाई आजाराचा प्रकार ठरवत. नुसती हिरडी सुजली आणि खालचं हाड शाबूत असलं, तर ती साधी सूज. नीट स्वच्छता ठेवली की ती उतरते. हिरडी दातापासून सुटून हाड झिजू लागलं, तर तो दुसरा, घातक आजार. तो थोपवता येतो, पण गेलेलं हाड सहसा परत येत नाही. त्याच्या चार पायऱ्या असतात. शिवाय तो किती वेगाने पसरतो, तेही बघावं लागतं. सिगारेट आणि मधुमेह हा वेग वाढवतात. काही औषधांनी फुगलेल्या हिरड्यांचा गट निराळाच. प्रकार चुकला की उपचारही चुकतो. म्हणून बाई माझ्याशिवाय पान हलू देत नसत आणि मला त्याचा कोण अभिमान वाटे!

पुढे दवाखान्यात बसायला जागा पुरेना. मोजण्यात फार वेळ जाई. मग बाईंना एक सवय लागली. हिरडी बोटाने दाबून बघायची आणि रक्त आलं तरच मला उचलायचं.

अशातच एका बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा माणूस बायकोबरोबर आला.

“ह्यांच्या तोंडाला वास येतो, डॉक्टर,” बायको म्हणाली. “ह्यांच्या तोंडी आधी ट्रम्पेट, मग सिगारेट. माझा नंबर तिसरा.”

“तिसरा तर तिसरा, नंबर लागतोय ना?” तो हसला.

बाईंनी हिरडी दाबली. फिकट, घट्ट, रक्ताचा थेंब नाही. “किरकोळ सूज आहे. साफ करून देते. आणि सिगारेट सोडा.”

मी ट्रेमध्ये तशीच पडून राहिले. सिगारेटमुळे हिरडीतलं रक्त आटतं, आजार आत असूनही ती वरून निरोगी दिसते, हे बाई शिकलेल्या होत्या. त्या घाईत विसरल्या. मला ओरडता आलं असतं तर!

दोन-तीन वर्षांनी तो परत आला, तेव्हा त्याचे पुढचे दात पंख्यासारखे फाकले होते.

“सूर धरला की हवा सुटते, डॉक्टर. दात हलतात.”

आता बाईंनी मला उचललं. सात. आठ. नऊ. ताईंचं पेन थबकलं. एक्स-रेमध्ये मुळांभोवती हाड जवळपास उरलंच नव्हतं. चौथी पायरी आणि सगळ्यात जास्त वेग.

“पुढचे काढावे लागतील,” बाई म्हणाल्या.

“काढा. पण मग फुंकू कशानं?”

बाईंनी मास्क खाली केला. “मागच्या वेळी मी मोजलंच नाही. रक्त दिसलं नाही, म्हणून सोडून दिलं. चूक माझी आहे.”

“अहो, चला,” बायको त्याचा हात ओढत म्हणाली. “दुसरीकडे दाखवू.”

“दुसरीकडे काय दाखवणार? दातच हलतायत,” तो म्हणाला आणि त्याने स्वतःहून तोंड उघडलं.

कवळी बसली. त्याला जेवता येऊ लागलं. पण ट्रम्पेट ओठाला लावला की कवळी सरके आणि सूर फाटे. बँडने त्याला मोठा ढोल दिला. बायको एकदा ताईंना म्हणाली, “घरी आता शिट्टीसुद्धा वाजवत नाहीत.”

त्यानंतर बाई प्रत्येकाला मोजू लागल्या. बाहेर कितीही लोक ताटकळू देत. पण ट्रम्पेटवाल्याचं हाड त्यामुळे भरून आलं नाही.

आता माझ्या रेघा पुसट झाल्या आहेत. माझ्या जागी नवी सळई आली आहे. मित्रांनो, हिरडीतून रक्त आलं तर दुर्लक्ष करू नका. आणि घरातलं कुणी सिगारेट ओढत असेल, रक्त येत नाही म्हणून निर्धास्त असेल, तर त्याला हाताला धरून दवाखान्यात न्या. डॉक्टर घाईत असले, तरी न लाजता म्हणा, “मोजून बघा.” एवढे दोन शब्द त्या दिवशी कुणी बोललं असतं, तर तो माणूस आजही वाजवत असता.