चिपमधलं वाक्य

यंत्रमहाराजांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. समोर काळी पेटी. तिच्या पितळी पाटीवर हात ठेवला, की पडद्यावर अक्षरं उमटायची: ‘आजार गेला. औषध सोड.’ नाहीतर, ‘श्रद्धा कमी आहे.’ महाराज डोळे मिटून सांगायचे, "विश्वलहर हातातून शिरते, आजार पायातून पळतो!" लहर म्हणजे काय, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

अप्पांनी हात ठेवला आणि त्या दिवसापासून इन्सुलिन बंद केलं. त्यांची थोरली लेक कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. ती भांडली, रडली, डॉक्टरांना घरी घेऊन आली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. अप्पांच्या पायाची जखम चिघळतच गेली.

मग पेटीच बंद पडली. महाराजांचा शिष्य ती नेमकी तिच्याकडेच घेऊन आला. "ताई, यंत्र जरा थकलंय. बघता का?"

तिने पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. पितळी पाटीची तार कशालाच जोडलेली नव्हती. मागे, शिष्य बसतो तिथे, दोन बटणं होती आणि आत एका मेमरी चिपमध्ये दोन वाक्यं. तिने चिपमधला मजकूर फाइलमध्ये उतरवून घेतला, पेटीचं सर्किट संगणकावर जसंच्या तसं मांडलं आणि त्या आभासी सर्किटमधल्या चिपमध्ये तो मजकूर भरला. शेजारपाजारचे घरी बोलावले.

"बघा, इथे ना पाटी, ना महाराज." तिने संगणकावरचं बटण दाबलं. ‘आजार गेला. औषध सोड.’

शेजारच्या काकूंनी हात जोडले. "अगं बाई! महाराज तुझ्या संगणकातही आले!"

"काकू, ते मी भरलंय."

"त्यांनी तुझ्याकडून भरून घेतलं," अप्पा म्हणाले.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. सगळ्यांच्या देखत तिने फाइलमधलं वाक्य खोडलं, नवं टाइप केलं, चिपमध्ये पुन्हा भरलं आणि बटण दाबलं. ‘आजार आहे. इन्सुलिन घे.’

"आता तरी पटलं? जो लिहील त्याचं वाक्य!"

अप्पांनी सदरा वर केला. "आज्ञा झाली. दे टोचून."

तिला किंचाळावंसं वाटलं. पण पायाची पट्टी ओली झाली होती. तिने फ्रिजमधून इन्सुलिन आणलं. सुई टोचताना तिला रडू आवरेना.

यंत्र स्वतःहून काही बोलत नाही, कुणीतरी लिहिलेलं दाखवतं. म्हणून हात ठेवण्याआधी पेटी उघडायला सांगा आणि वाक्य कुणी लिहिलं ते विचारा. आज लिहिणारी पोटची लेक होती. दरवेळी ती नसेल.