वासराचं दावं, गोलूचा झोका

मी एक दावं आहे, म्हणजे गुरं बांधायची दोरी. मला दोन टोकं आहेत आणि दोन्हीकडचं मला एकाच वेळी कळतं. म्हणून माझा नेहमी गोंधळ उडतो. तरी आज सांगून बघतो. कुठे अडखळलो तर समजून घ्या.

माझा जन्म इंझोरीचा. दौलतराव तिथे भाजीपाल्याचा मळा करतात. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर काढून बाजारात नेतात. मळ्याच्या बांधावर ते अंबाडी लावत. भाजीपुरती कोवळी पानं खुडून झाली की उरलेली झाडं वाढू द्यायची, मग कापून पाण्यात भिजत घालायची. कुजून वास सुटला की साल सोलायची, धुवायची, वाळवायची. त्या सालीपासून त्यांनी मला वळलं. एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ते ओसरीत बसत आणि वळता वळता वांग्याच्या भावाबद्दल स्वतःशीच बोलत. बाजारात नायलॉनच्या रंगीत दोऱ्या मिळतात, पण नायलॉननं वासराची मान कापते, असं त्यांचं म्हणणं.

माझं पहिलं काम वासराचं. सकाळी धार काढायच्या आधी दौलतरावांची बायको, कस्तुराबाई, वासराला गाईला लावायच्या. वासरू ढुशा द्यायचं, गाय पान्हा सोडायची, आणि नेमकं तेव्हाच मला ओढून वासराला बाजूला करायचं. एका टोकाला वासराची मान, दुसऱ्या टोकाला कस्तुराबाईंची मूठ. वासरू ताण द्यायचं. गाय वळून वळून बघायची. दूध घरात जायचं. माझ्या हातून चांगलं होतंय की वाईट, ते मला समजत नसे. कस्तुराबाई वासराला शेवटी थोडं पिऊ देत आणि त्याची मान खाजवत. मग तर मी आणखीच गोंधळायचो.

पुढच्या वासराच्या वेळी त्यांच्या मुलानं, शिवमनं, मानोऱ्याहून निळी नायलॉनची दोरी आणली. वडील चार दिवस कुरकुरले आणि मग तीच वापरायला लागले. मी गोठ्यातल्या खुंटीवर गेलो. चिमण्यांनी माझे काही धागे उपसून घरट्याला नेले. माणसं असंच करतात, नव्यावर कुरकुरतात आणि जुन्याला विसरतात.

मग शुभांगी बाळंतपणाला माहेरी आली. ती या घरची थोरली मुलगी, कामरगावला दिलेली. बाळ सिझरनं झालं. दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिला कूस बदलतानाही कळा यायच्या. कस्तुराबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली आणि आढ्याला टांगली. झोका द्यायला दोरी हवी होती. शिवमनं मला खुंटीवरून काढलं, वॉशिंग पावडरीत दोनदा धुतलं, उन्हात वाळवलं. माझा गुरांचा वास गेला की नाही हे त्यानं नाकाला लावून पाहिलं. मग माझं एक टोक झोळीला बांधलं आणि दुसरं आपल्या हाताला गुंडाळलं.

शिवम तेव्हा अकरावीत होता. कमी बोलणारा. पाहुणे आले की मागच्या दारानं मळ्यात निघून जाणारा. पण त्या बाळापाशी तो बोलायचा. गोलू हे नाव त्यानंच पाडलं. त्याला तो मळ्यातलं सगळं सांगायचा, कोणत्या वाफ्याला पाणी दिलं, कोणत्या वांग्याला कीड लागली. गोलूला काय कळत होतं, मला माहीत नाही. मला त्याच्या पायांची हालचाल तेवढी कळायची.

सुरुवातीला त्याला फक्त झोका द्यायला सांगितलं होतं. हळूहळू तो दुपटी धुवायला लागला, वाळत घालायला लागला, घड्या करायला लागला. सकाळी कॉलेजला जायची मानोऱ्याची जीप फाट्यावर हॉर्न वाजवायची आणि तो जागचा हलायचा नाही. त्याच्यासोबत कॉलेजला जाणारा मुकेश एकदा खिडकीशी आला.

“काय रे बाळंतीणबाई, डिंकाचे लाडू भेटले का नाही तुले?”

शिवमची माझ्यावरची मूठ घट्ट झाली. दौलतराव म्हणाले, पोट्टा अभ्यास सोडून बसला तर जन्मभर वांगीच तोडा लागतील. कस्तुराबाईंना उलट बरं वाटत होतं. स्वयंपाक, धार, बाळंतिणीचा शेक, सगळं एकटीवर होतं. पोरगा हाताशी आहे तर राहू द्या म्हणाल्या.

आता मला जे कळलं ते सांगतो, कारण ते दुसऱ्या कोणाला कळलं नव्हतं. बाळ रडायच्या आधी थोडं कुंथतं, पाय आखडतं. ती थरथर झोळीतून माझ्यात यायची आणि माझ्यातून शिवमच्या तळहातात जायची. आवाज फुटायच्या आतच तो गोलूला उचलायचा. त्यामुळे गोलू रडायचाच नाही. शेजारच्या बाया म्हणायच्या, किती गुणाचं लेकरू आहे, आवाज नाही. शिवमला ते ऐकून फार सुख व्हायचं. मलाही व्हायचं. आम्ही दोघंही चुकत होतो का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दुपारी शुभांगी झोपलेली असायची. गोलू भुकेनं तोंड हलवायला लागला की शिवम स्वयंपाकघरातून वाटीत गाईचं दूध आणायचा, त्यात पाणी घालायचा, चमच्यानं पाजायचा. ताईला उठवायचं नाही, तिचे टाके दुखतात, एवढंच त्याच्या मनात. आधी एखाद्या वेळी, मग रोज. कस्तुराबाईंना वाटायचं, दूध पोरगाच पितो. वाढीचं वय आहे म्हणून त्या त्याच्यासाठी जास्तच ठेवायच्या.

आणि जागी झाल्यावर शुभांगी गोलूला जवळ घ्यायची, तेव्हा तो तोंड फिरवायचा. पोट भरलेलं असायचं ना. तिचं दूध कमी व्हायला लागलं. गावातली आशा कार्यकर्ती निकिता वजन करायला आली. गोलूचं वजन वाढायला पाहिजे तेवढं वाढलं नव्हतं. तिनं विचारलं, वरचं काही देता का. सगळे म्हणाले, नाही, आईचंच. शिवमनं माझं टोक बोटांभोवती इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली.

त्या संध्याकाळी शुभांगी आईला म्हणाली, “माय, याले मी नाही पाह्यजे. माह्याकडं पाहतच नाही थो.”

कस्तुराबाईंनी तिला वेडी म्हटलं आणि मेथीचे दाणे भिजत घातले.

जावई, गणेशराव, यांचा कामरगावहून फोन आला की घ्यायला कधी येऊ. शुभांगीच्या जिवाला घोर होता की सासरी गेल्यावर लेकरू आपल्याजवळ राहीलच कसं. शिवम झोका देता देता म्हणाला, “ताई, गोलूले इथंच ठेवून जा ना. मी पाहतो त्याले.”

दौलतराव हसले. कस्तुराबाई हसल्या. शुभांगी हसली नाही. ती त्याच्या हाताकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डोळे मिटून पडली होती, पण झोपली नव्हती. माझ्यातून थरथर गेली. शिवम उठला, वाटी घेऊन आला, मांडी घालून बसला. पहिला चमचा गोलूच्या ओठाला लागला आणि ती उठून बसली.

“वाटीत काय आहे?”

“दूध. पाणी टाकून. उकळेल आहे, ताई.”

“कवापासून देऊन राह्यला?”

शिवम खाली पाहत राहिला. “तू झोपेल राह्यत होती. तुले टाके होते.”

“टाके कवाचेच सुकले,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “मले वाटे, मीच काहीतरी चुकली. लेकराले मी आवडत नाही. रोज तेच घेऊन बसेल होती मी, शिवम.”

शिवम रडायला लागला. तिनं वाटी बाजूला केली, गोलूला झोळीत ठेवलं आणि शिवमच्या मुठीतून माझं टोक सोडवून घेतलं.

“आता थो रडला तं रडू दे. मले ऐकू येऊ दे.”

गोलू रडला. त्या घरात तसं रडणं पहिल्यांदाच ऐकू आलं. कस्तुराबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या. काय झालं ते कळल्यावर त्या आधी शिवमला बोलल्या, मग स्वतःलाच. शुभांगीनं गोलूला जवळ घेतलं. तो तोंड फिरवायचा, रडायचा, पुन्हा फिरवायचा. तीही रडत होती, पण तिनं सोडलं नाही. कंटाळून तो एकदाचा प्यायला लागला. निकितानंही नंतर सांगितलं, पुन्हा पुन्हा घ्या, दूध येते. आलं. एकदम नाही आलं, हळूहळू आलं, आणि पुढच्या वजनाच्या वेळी निकिता हसली.

माझं दुसरं टोक आता शुभांगीच्या हातात असायचं. तिचा झोका वेगळा होता. सावकाश, कधी मध्येच थांबणारा, कारण तिला डुलकी लागायची. मला शिवमच्या हाताची सवय झाली होती. मला तो हात आठवायचा. तसं आठवणं बरोबर होतं का, कोणाला विचारू?

शिवम मात्र वागण्यात दुसऱ्या टोकाला गेला होता. रोज जीपनं कॉलेजला जायचा, आल्यावर मळ्यात. खोलीच्या उंबऱ्यापर्यंत यायचा आणि परत फिरायचा. शुभांगी म्हणायची, घे ना त्याला, मी कुठं नाही म्हणते. तो हात खिशातून काढायचा नाही. त्याला वाटत असावं, आपला हात लागला की लेकराचं नुकसान होतं. एवढा जीव लावणारा पोरगा लेकराला हातही लावत नाही, हे मला अजिबात समजेना.

गणेशराव घ्यायला आले त्या सकाळी तो मळ्यात होता. हाका मारूनही आला नाही. शुभांगीनं झोळी स्वतः सोडली, मला गुंडाळलं आणि पिशवीत घातलं.

तेव्हापासून मी कामरगावला आहे. ओसरीतल्या लोखंडी अँगलला झोळी टांगलेली असते. गोलू मोठा झाला, बसायला लागला, केसांच्या झिपऱ्या डोळ्यांवर यायला लागल्या. जावळ काढायचं ठरलं. आमच्याकडे जावळ मामाच्या मांडीवर काढतात. शुभांगीनं इंझोरीला फोन लावला. शिवम पलीकडून सांगत होता की त्याची परीक्षा आहे, दुसरं कोणी बसेल. शुभांगी माझ्याच टोकाशी चाळा करत बोलत होती.

“मांडी मामाचीच लागते. तू नाही आला तं जावळ राह्यलं. मी दुसऱ्याची मांडी घेत नाही.”

तो आला. गोलूसाठी आणलेला सदरा मोठा झाला होता. त्यामुळे तो आणखीच लाजला. ओसरीत पाटावर बसला, गोलूला मांडीवर घेतलं. गोलूनं त्याला ओळखलं नाही. वस्तरा लागायच्या आधीच त्यानं गळा काढला. न्हाव्यानं सांगितलं तसं शिवमनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरलं. त्याचे डोळे भरले होते, पण हात हलले नाहीत.

जावळ झालं. गोलूनं शुभांगीकडे हात पसरले. शिवम उठला आणि त्यानं स्वतः त्याला तिच्या कडेवर दिलं. गोलू लगेच गप्प झाला आणि तुळतुळीत डोक्यानं मामाकडे बघायला लागला. शिवम हसला. ज्या लेकराला तो आपल्यापाशी ठेवून घ्यायला निघाला होता, ते त्याच्याकडून आईकडे गेलं, आणि तो हसला. तो जिंकला की हरला, मी अजून ठरवू शकलो नाही.

जेवणं झाल्यावर गोलू पेंगुळला. शुभांगीला भांडी आवरायची होती. तिनं गोलूला झोळीत टाकलं आणि माझं टोक शिवमच्या हातात दिलं. “झोका दे. रडला तं मले हाक मार,” म्हणाली आणि आत गेली.

तो हात मला लगेच ओळखू आला. थोड्या वेळानं झोळीत पाय आखडले. थरथर माझ्यातून त्याच्या तळहातात गेली. तो अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. आवाज फुटेपर्यंत बसून राहिला. मग त्यानं हाक मारली, “ताई.”

आता माझा पीळ सुटायला लागलाय. गोलू मला धरून उभा राहायला बघतो आणि माझे सुटे धागे तोंडात घालतो. शुभांगी म्हणते, एखाद्या दिवशी पोरगं पडेल, हे दावं काढून टाकते. काढा, माझी तक्रार नाही. जाताना एवढंच मागतो. तुमच्या घरात असा एखादा लाजरा पोरगा लेकराला जीव लावत असेल, तर त्याला चिडवू नका. आणि सगळं त्याच्या भरवशावर टाकून निर्धास्तही होऊ नका. या दोन्हींच्या मध्ये नेमकं कुठं थांबायचं, ते मात्र मला विचारू नका. दोन टोकांचं सांगता येतं मला. मधलं अजून कळलेलं नाही.